यंत्र घरी येण्याआधी

थ्री-डी प्रिंटर, लेझर कटर, लहान सीएनसी राउटर, दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर ही यंत्रं आता औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांपुरती राहिलेली नाहीत. नेमप्लेट, ट्रॉफ्या, लग्नाच्या भेटवस्तू, सुटे भाग, साचे असं काम करणारी कितीतरी माणसं पुण्या-नाशकात किंवा सांगली-कोल्हापुरात घरातल्याच एका खोलीतून व्यवसाय उभा करत आहेत, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र खरेदीच्या वेळी सगळं लक्ष यंत्राकडे असतं. बेडचा आकार, लेझरचे वॅट, हमी, हप्ते हे सगळं तपासलं जातं. खोलीचा विचार यंत्र दारात आल्यावर सुरू होतो, आणि तोही एवढाच की प्लग कुठे लावायचा. प्लग लावला, यंत्र सुरू झालं, पहिला नमुना निघाला की खोली तयार आहे असं मानलं जातं. माझं सांगणं एवढंच आहे, की यंत्र चालू होणं ही खोलीची परीक्षाच नव्हे. अर्थिंग नसलं तरी यंत्र चालतं, विषारी धूर खोलीत कोंडला तरी चालतं, घराचं नेटवर्क साऱ्या जगाला उघडं असलं तरीही चालतं. या तिन्ही उणिवा कळतात त्या बिघाडाच्या क्षणी. म्हणून खोलीची तयारी करताना यंत्र चालेल का, हा प्रश्न बाजूला ठेवून काही बिघडलं तर काय होईल, असं विचारत जायला हवं.

सुरुवात अर्थिंगपासून करू, कारण इथली फसवणूक सर्वांत मोठी आहे. प्रिंटरच्या धातूच्या चौकटीला हात लागला की बोटांना बारीक झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेकांची असते आणि बहुतेक जण ती सोडून देतात. त्यामागचं कारण साधं आहे. यंत्राच्या पॉवर सप्लायमध्ये विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि चौकट, तसंच न्यूट्रल आणि चौकट यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. अर्थची तार जोडलेली असेल तर त्यातून झिरपणारा प्रवाह जमिनीत निघून जातो. ती नसेल तर चौकट अधांतरी राहते आणि तिच्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा, म्हणजे 110-115 व्होल्टचा दाब दिसतो. प्रवाह फारच थोडा असल्यामुळे नुसत्या झिणझिण्यांवर भागतं. पण आतली एखादी वायर घासून चौकटीला टेकली तर तोच स्पर्श जीव घेऊ शकतो. त्या झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नसल्याची लेखी सूचनाच समजा. कार्बन डायऑक्साइड नळीच्या लेझरमध्ये तर नळीला हजारो व्होल्टचा दाब दिला जातो. तिथे अर्थिंगशिवाय यंत्र सुरू करणं मला कुठल्याही कारणाने मान्य होणार नाही.

जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनेच्या मागे कधी कधी तारच नसते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे एखाद्या वायरमनने सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांचा लूप मारून दिलेला असतो. मल्टीमीटर लावला तर फेज आणि अर्थमध्ये 230 व्होल्ट अगदी बरोबर दिसतात आणि तपासणी पास होते. प्रत्यक्षात पुढे कुठे न्यूट्रलची तार सुटली, तर यंत्रातून परत येणारी फेज त्या लूपमधून थेट चौकटीवर येते. हा प्रकार पकडायची एक खूण आहे. त्याच सर्किटवर इस्त्रीसारखा जड भार चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायचा. स्वतंत्र अर्थ असेल तर भार चालू होताच तिथे थोडासा दाब दिसतो, व्होल्टभर किंवा काही व्होल्ट. भार असो वा नसो, मीटरवर ठाम शून्यच राहिलं तर सॉकेट उघडून पाहायला लावा. ही कामं परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण काय तपासायचं ते आपल्याला ठाऊक असायला हवं. ‘अर्थिंग आहे का’ असं विचारलं की उत्तर नेहमी ‘आहे’ असंच मिळतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की डीबीमध्ये, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीत, एमसीबी आहे, काही झालं तर ती पडेलच. आता आकडे पाहू. अर्थ नुसत्या जमिनीतल्या खड्ड्यावर अवलंबून आहे आणि त्या संपूर्ण मार्गाचा रोध 5 ओहम आहे, असं धरू. घरासाठी हा आकडा चांगला समजला जातो. फेज चौकटीला टेकली तर 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअर प्रवाह वाहील. 16 अँपिअरची सी प्रकारची एमसीबी क्षणात पडण्यासाठी तिच्या पाच ते दहा पट, म्हणजे 80 ते 160 अँपिअर लागतात. 46 अँपिअरवर ती तापून पडेल, पण त्याला काही सेकंद लागतील, कदाचित मिनिटाच्या जवळपासही वेळ जाईल. तोवर चौकट जिवंत. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवते. माणसाला वाचवणं हे तिचं कामच नाही. ते काम 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं आहे. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत एवढा फरक पडला, की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडते. तरी तिच्यावरचं ‘टी’ बटण दाबून ती पडली म्हणून अर्थिंग ठीक आहे असंही समजू नये. ते बटण आतल्या एका रोधातून फेज-न्यूट्रलमध्येच फरक निर्माण करतं, अर्थची तार त्या परीक्षेत कुठेच येत नाही. बटण महिन्यातून एकदा जरूर दाबावं. अर्थची तपासणी वेगळी करावी.

घराला एक आरसीसीबी आहे, ती पुरे, असंही म्हटलं जातं. मात्र वर सांगितलेल्या कपॅसिटरांमुळे प्रत्येक यंत्र काही मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह अर्थमध्ये सोडत असतं, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकते. दोन प्रिंटर, लेझर, संगणक आणि फ्रिज एकाच आरसीसीबीवर असले की ती विनाकारण पडू लागते. मग कंटाळून कुणीतरी तिला बायपास करून टाकतं. संरक्षण हातून जातं ते अशा कटकटीमुळे. म्हणून या खोलीसाठी डीबीपासून वेगळं सर्किट आणि वेगळी आरसीसीबी घ्यावी. तीही शक्यतो ‘ए’ प्रकारची, कारण इलेक्ट्रॉनिक भारातून झिरपणारा प्रवाह नेहमी शुद्ध एसी नसतो आणि ‘एसी’ प्रकारची आरसीसीबी त्याला दाद देईलच असं नाही. मोटार वेग-नियंत्रक ड्राइव्हवर चालत असेल तर त्याच्या माहितीपुस्तिकेत कुठला प्रकार सांगितला आहे ते पाहून मगच खरेदी करावी.

तारेच्या जाडीचा हिशेब कागदावर मांडला की लगेच पटतो. डीबीपासून गच्चीवरच्या खोलीपर्यंतचं अंतर 20 मीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 40 मीटर तार. दोन हॉर्सपॉवरचा सिंगल फेज कॉम्प्रेसर चालताना साधारण 12 अँपिअर घेतो आणि सुरू होताना त्याच्या पाचपट तरी. दिव्यांसाठी टाकलेली एकची, म्हणजे एक चौरस मिलिमीटरची तार त्याला दिली, तर तिचा रोध सुमारे पाऊण ओहम भरतो. चालू स्थितीत 9 व्होल्ट तारेतच जातात आणि शंभरेक वॅट उष्णता भिंतीतल्या पाइपात सतत निर्माण होत राहते. सुरू होताना 60 अँपिअरला 45 व्होल्ट गळतात, मोटारीला उरतात 185. मोटारीचा पीळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तो पासष्ट टक्क्यांवर येतो. संध्याकाळी गावाचा पुरवठाच 200 वर उतरला असेल तर मोटार नुसती घुमते, फिरत नाही, आणि घुमता घुमता तापते. चारची तार टाकली तर हेच गळणं 11-12 व्होल्टवर येतं. सुरू होताना एमसीबी पडते म्हणून 16 च्या जागी 32 ची बसवणं हा सर्रास केला जाणारा उपाय घातक आहे. एमसीबी तारेच्या क्षमतेनुसार ठरते, मोटारीच्या हट्टानुसार नाही. बी प्रकारची 16 अँपिअरची एमसीबी 48 अँपिअरलाही पडू शकते, सी प्रकारची 80 पर्यंत थांबते. एवढ्यानेही पुष्कळदा काम भागतं.

‘त्याच पॉइंटवर गीझर वर्षानुवर्षं चालला, मग हे का नको’ हा आक्षेप वाजवी वाटतो. गीझर दहा-पंधरा मिनिटांत बंद होतो, त्याला सुरू होतानाचा धक्का नसतो आणि तो अनेक तास एकटा राहत नाही. प्रिंटर रात्रभर चालतो. 16 अँपिअरच्या सॉकेटची एखादी पकड सैल असेल तर गीझरच्या पंधरा मिनिटांत ती कोमट होते. प्रिंटर आणि फिलामेंट सुकवणारा ड्रायर सलग आठ तास भार ओढत राहिले तर तीच जागा करपू शकते. एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल तर सांगायलाच नको. या खोलीत तो मोबाइल चार्जरपुरता असावा. भाड्याचं घर असेल तर भिंत न फोडता केसिंग-कॅपिंगमधून वेगळी लाइन आणता येते आणि घर सोडताना काढूनही नेता येते. एकूण भार मीटरच्या मंजूर भारापेक्षा वाढत असेल तर महावितरणकडे किंवा मुंबईत आपल्या वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा. घरातून छोटा व्यवसाय करणाऱ्यांना महावितरणच्या दरपत्रकात महिना 300 आणि वर्षाला 3600 युनिटांच्या मर्यादेत घरगुती दर लागू करण्याची तरतूद आहे. चालू दरपत्रकात तिचे शब्द वाचून घ्यावेत, म्हणजे पुढे वाद होत नाही.

आता हवा. विजेच्या बाबतीत झिणझिण्या तरी येतात. हवेच्या बाबतीत पुष्कळदा कसलीच सूचना मिळत नाही, आणि वास येणं-न येणं हा निकष धरता येत नाही. एबीएस प्लास्टिक छापताना स्टायरीन आणि 100 नॅनोमीटरहून बारीक कण बाहेर पडतात. पीएलए तुलनेने सौम्य, पण बारीक कण त्यातूनही निघतात. एमडीएफ ज्या राळेने चिकटवलेला असतो ती सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइड असते, आणि लेझरने तो कापला की फॉर्मल्डिहाइड हवेत येतो. फॉर्मल्डिहाइड आणि लाकडाची धूळ ही दोन्ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवत असल्याचा पुरेसा पुरावा असलेल्यांत मोडतात. आपल्याकडे आणखी एक धोका आहे आणि तो फार जवळचा आहे. पाट्यांच्या धंद्यात सर्रास वापरला जाणारा सनबोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम असतो. फ्लेक्स, व्हिनाइल स्टिकर, पुष्कळसं रेक्झिन हेही पीव्हीसीच. लेझरखाली पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि ओलसर हवेत त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. ते फुप्फुसांना जाळतं, आणि थोड्याच दिवसांत यंत्राच्या रेल्स, बेअरिंग, आरसे यांवर गंज दिसू लागतो. ग्राहक कितीही आग्रह करो, सनबोर्ड लेझरवर घेऊ नये. तो कटरने किंवा राउटरने कापावा. एखादा तुकडा पीव्हीसी आहे की नाही हे ठरवायला तांब्याची तार लालबुंद तापवून त्यावर टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. ही चाचणी उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून करावी.

‘मी खिडकी उघडी ठेवतो’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण उघडी खिडकी म्हणजे वारा असेल तेव्हा वारा, एवढंच. धूर जिथे निर्माण होतो तिथूनच ओढून घ्यायला हवा. दहा बाय दहाची आणि दहा फूट उंच खोली म्हणजे हजार घनफूट हवा. मिनिटाला 200 घनफूट ओढणारा ब्लोअर ती पाच मिनिटांत पालटतो. हे कागदावरचं गणित झालं. स्वयंपाकघरातला सहा इंची एक्झॉस्ट फॅन मोकळ्या हवेत आकडा चांगला दाखवतो, पण चार इंची लवचीक डक्टला जोडला की त्या डक्टच्या विरोधापुढे त्याचा जोर सरतो. यंत्राच्या पेटीतून डक्टमार्गे हवा ओढायला सेंट्रिफ्युगल ब्लोअर, बोलीभाषेतला गोगलगाईच्या आकाराचा ब्लोअर लागतो. डक्ट शक्य तितका आखूड, सरळ आणि आतून गुळगुळीत असावा. ब्लोअर यंत्राजवळ बसवायचा नाही, खिडकीच्या टोकाला बसवायचा. तसं केलं की खोलीतल्या संपूर्ण डक्टमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो, आणि एखाद्या जोडातून गळती झाली तर खोलीतली हवा डक्टमध्ये शिरते. ब्लोअर यंत्राशेजारी असेल तर उलट घडतं, आणि प्रत्येक भोकातून धूर खोलीत फुंकला जातो.

बाहेर गेलेल्या हवेइतकीच हवा कुठून तरी आत यावी लागते, हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. दार-खिडक्या घट्ट लावून ब्लोअर चालवला तर तो घरभरातून फटींतून हवा ओढत राहतो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर त्याचे जळलेले वायू बाहेर जाण्याऐवजी घरात ओढले जाऊ शकतात. गॅस गीझरच्या कार्बन मोनॉक्साइडने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वाचायला मिळतात, त्यामुळे ही भीती कागदी नाही. ब्लोअरच्या समोरच्या बाजूने हवा आत येण्याची जाळीदार वाट ठेवा आणि गॅस गीझर चालू असताना ब्लोअर चालवू नका. धूर शेजाऱ्याच्या गॅलरीत सोडणं हाही उपाय नव्हे; सोसायटीशी आधी बोलून तोंड कुठे काढायचं ते ठरवा. खिडकीच नसेल तर फिल्टर चालेल का? हेपा कण अडवतो, सक्रिय कार्बन वायू शोषतो, पण कार्बन भरत जातो आणि तो भरल्याचं बाहेरून दिसत नाही. प्रिंटरच्या बंद पेटीसाठी तो ठीक आहे. रोज एमडीएफ कापणाऱ्या लेझरला बिनखिडकीची खोली देऊच नये.

कोकणात आणि पावसाळ्यात घाटावरही एक वेगळी अडचण उभी राहते. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. लेझर नळीला चिलरमधून 18 अंशांचं पाणी दिलं, तर थंड बाटलीवर जमतं तसं पाणी नळीवर जमतं, आणि तिथेच उच्चदाबाची जोडणी असते. ठिणगी उडते, नळी जाते, कधी पॉवर सप्लायही जातो. जुलै-ऑगस्टमध्ये चिलरचं तापमान 26-27 वर आणा आणि कामाचा वेग थोडा कमी करा, किंवा खोलीची आर्द्रता आधी कमी करा. डीह्युमिडिफायर त्या खोलीत प्रिंटरच्या फिलामेंटलाही उपयोगी पडतो.

नेटवर्कचा विचार साधारणपणे ‘रेंज येते का’ इथेच संपतो. रेंजचं सोडवणं फारसं अवघड नाही. बरेच प्रिंटर आणि कंट्रोलर फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, आणि राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल तर ते जोडताना गोंधळतात. 2.4 चं नाव वेगळं करावं आणि 1, 6, 11 यांपैकी कमी गजबजलेला चॅनल निवडावा. आरसीसीच्या दोन भिंती मध्ये असतील तर वायरलेसशी झगडण्यापेक्षा कॅट-6 ची केबल ओढावी. 100 मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. ती मोटारीच्या पॉवर केबलसोबत एकाच पाइपातून नेऊ नये, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी. सीएनसीचं काम अर्ध्यावर थांबतं त्याचं कारण पुष्कळदा स्पिंडलच्या गोंगाटात तुटलेलं यूएसबीचं संभाषण असतं. फाइल यंत्रातल्या कार्डवर उतरवून मग काम सुरू केलं की हा प्रश्न उरत नाही.

खरा प्रश्न यंत्राची सूत्रं कुणाच्या हाती आहेत हा आहे. 2018 साली सायबर सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या सॅन्स इंटरनेट स्टॉर्म सेंटरने, ऑक्टोप्रिंट हे प्रिंटर ब्राउझरमधून चालवण्याचं सॉफ्टवेअर वापरणारे साडेतीन हजारांहून अधिक थ्री-डी प्रिंटर इंटरनेटवर पासवर्डाविना उघडे असल्याचं दाखवून दिलं. कुणीही दूरवरून त्यांचा हीटर चालू करू शकत होतं. ऑगस्ट 2023 मध्ये एका मोठ्या उत्पादकाच्या क्लाउड सेवेत बिघाड झाला आणि काही ग्राहकांच्या प्रिंटरनी मालक झोपेत असताना आपणहून आधीचं काम पुन्हा सुरू केलं. ‘मला कोण कशाला हॅक करेल’ या आक्षेपाला दुसरी घटना पुरेसं उत्तर देते: तिथे हॅकर नव्हताच. म्हणून राउटरवर यंत्रासाठी कुठलाही पोर्ट बाहेर उघडू नये; बाहेरून पाहायचंच असेल तर व्हीपीएन वापरावं. यंत्रांना घरातल्या बँकिंगच्या मोबाइलपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवावं. गेस्ट नेटवर्क वापरलंत तर त्यात उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सोय चालू असते, तेव्हा यंत्राला फाइल पाठवणारा संगणकही त्याच बाजूला आणि ती सोय बंद, अशी जुळणी करावी लागेल.

सगळ्यात महत्त्वाचं, यंत्र थांबवण्याची वाट नेटवर्कवर अवलंबून असता कामा नये. मोबाइलवरचा ‘स्टॉप’ आणि स्मार्ट प्लग या सोयी आहेत, सुरक्षा नाहीत. वाय-फाय गेलं की पहिली सोय संपते, आणि कॉम्प्रेसरच्या सुरुवातीच्या धक्क्याने स्मार्ट प्लगमधल्या रिलेचे संपर्कबिंदू चिकटून बसू शकतात. मग अॅप बंद दाखवतं आणि मोटार चालूच असते. दाराशेजारी, आत शिरता शिरता हात पोचेल अशा जागी, लाल मश्रूम बटण लावा आणि ते कॉन्टॅक्टरमधून संपूर्ण खोलीच्या यंत्रांचा पुरवठा तोडेल असं तारेने जोडा. यंत्राच्या मागच्या भिंतीवर ते नको, कारण पेटलेल्या यंत्रावरून हात नेता येत नाही. लेझरच्या पॉवर सप्लायवर पाण्याचा प्रवाह थांबल्यास किरण बंद करणारं टर्मिनल असतं. डक्टमध्ये हवेच्या दाबाचा स्विच बसवून तो त्याच साखळीत घातला की ब्लोअर चालू नसताना लेझर पेटतच नाही. आणि शेजारी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवा; पावडरचा आग विझवतो, पण यंत्र आतून खराब करतो.

खर्चाचा आक्षेप राहिला. तीस-चाळीस हजारांच्या प्रिंटरसाठी एवढा व्याप कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. एकट्या पीएलए प्रिंटरला वेगळी आरसीसीबी, पक्कं अर्थिंग, बंद पेटी आणि बंदिस्त नेटवर्क एवढं पुरतं, आणि त्यातलं अर्थिंग तर घरातल्या सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे. लेझर किंवा लाकूडकाम येणार असेल तर मात्र खोलीचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा, आणि तो झेपत नसेल तर यंत्र एक आकार लहान घ्या. काम याच क्रमाने काढा: आधी वायरमनकडून अर्थिंगची मोजणी आणि वेगळं सर्किट, मग भिंतीतून डक्टची आणि आत येणाऱ्या हवेची वाट, त्याच खेपेला केबलचा पाइप. भिंत एकदाच फोडावी लागते आणि पुन्हा रंगही एकदाच. यंत्राची ऑर्डर त्यानंतर द्या. पार्सल आल्यावर प्लग लावण्याआधी पॉवर सप्लायच्या बाजूचा छोटा लाल स्विच पाहा. काही यंत्रांवर तो 115 व्होल्टवर ठेवलेला येतो, आणि तसाच राहिला तर पहिल्याच सेकंदाला सप्लाय फुटतो.